व्हिस्कोमीटरने पॉलिमरचे रेणुवस्तुमान कसे काढावे: पॉलिस्टायरीन आणि टोल्यूइनचे उदाहरण

पॉलिमरचे रेणुवस्तुमान काढण्याच्या पद्धती अनेक असल्या, तरी काचेची एक केशनलिका, स्थिर तापमानाचा वॉटरबाथ, स्टॉपवॉच आणि एक चांगला तराजू एवढ्या सामग्रीवर लाखांच्या घरातला आकडा सांगणारी पद्धत म्हणजे विरल द्रावणाची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) मोजणे. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत हा प्रयोग वर्षानुवर्षे केला जातो आणि कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांतही तो रोजचा आहे. पाण्याच्या बाटल्यांसाठी लागणारे पीईटी आंतरिक श्यानतेच्या आकड्यावर विकले जाते, तर पीव्हीसीचा व्यवहार फिकेंचर यांनी १९३२ साली सुचवलेल्या ‘के’ मूल्यावर चालतो. पाइपांसाठी वापरली जाणारी ‘के ६७’ ही प्रत त्याच मोजणीतून ठरते. प्रयोग सोपा दिसतो, आणि त्यामुळेच तो निष्काळजीपणे उरकला जाण्याची शक्यता मोठी असते. पुढील मार्गदर्शनात पॉलिस्टायरीन हा पॉलिमर, टोल्यूइन हा द्रावक आणि ३० °से हे तापमान धरून कृती दिली आहे. इतर जोड्यांसाठी कृती तीच राहते, स्थिरांक बदलतात.

मुळात काय मोजले जाते हे आधी स्पष्ट असावे. या पद्धतीत रेणूचे वस्तुमान थेट मोजले जात नाही. एक ग्रॅम पॉलिमर द्रावकात सुटा झाल्यावर फुगून किती जागा व्यापतो, हे कळते. या जागेचे माप म्हणजे आंतरिक श्यानता; म्हणूनच तिचे एकक मिलीलिटर प्रति ग्रॅम किंवा डेसिलिटर प्रति ग्रॅम असे, म्हणजे वस्तुमानामागे आकारमान, या स्वरूपाचे असते. ही जागा आणि रेणूची लांबी यांचा संबंध मार्क–हाउविंक समीकरण सांगते: आंतरिक श्यानता म्हणजे स्थिरांक ‘के’ (पीव्हीसीच्या ‘के’ मूल्याहून वेगळा) गुणिले रेणुवस्तुमानाचा ‘ए’ इतका घात. पॉलिमर म्हणजे खरोखरच लांबलचक रेणू असतात, हे १९२० पासून आग्रहाने मांडणाऱ्या आणि १९५३ चे नोबेल मिळवणाऱ्या हेर्मान श्टाउडिंगर यांनी आधी हा घात १ मानला होता. लवचीक साखळ्यांच्या बाबतीत तो प्रत्यक्षात ०.५ ते ०.८ च्या दरम्यान येतो. ‘के’ आणि ‘ए’ हे दोन्ही आकडे दुसऱ्या कोणीतरी, प्रकाश विकिरणासारख्या स्वतंत्र पद्धतीने रेणुवस्तुमान ठरवलेल्या नमुन्यांवरून काढलेले असतात. आपण ते उसने घेतो, आणि उसनवारीच्या अटी पाळल्या नाहीत तर पुढचे सारे कष्ट वाया जातात.

द्रावक, तापमान आणि स्थिरांक: निवड एकत्रच करावी

स्थिरांकांची जोडी ही विशिष्ट पॉलिमर, विशिष्ट द्रावक, विशिष्ट तापमान आणि रेणुवस्तुमानाचा विशिष्ट पल्ला यांच्यापुरतीच खरी असते. त्यामुळे आधी प्रयोग करून मग तक्त्यात स्थिरांक शोधण्याची पद्धत उलटी आहे. आधी तक्ता पाहावा, विश्वासार्ह स्थिरांक कोणत्या तापमानाला उपलब्ध आहेत ते पाहावे आणि मग वॉटरबाथ त्या तापमानाला लावावा.

टोल्यूइनमधील पॉलिस्टायरीनसाठी ३० °से तापमानाला ‘के’ ०.०११० मिलीलिटर प्रति ग्रॅम आणि ‘ए’ ०.७२५ ही जोडी सुमारे ८० हजार ते साडेआठ लाख या पल्ल्यात वापरली जाते. २५ °से साठी ०.००७५ आणि ०.७५ ही जोडी प्रसिद्ध आहे, आणि त्याच तापमानाला ०.०१७ आणि ०.६९ अशीही एक जोडी तक्त्यांत आढळते. या जोड्या दिसायला फार वेगळ्या असल्या तरी ‘के’ वाढला की ‘ए’ कमी होतो, त्यामुळे उत्तरांत तेवढा फरक पडत नाही. आंतरिक श्यानता ९० मिलीलिटर प्रति ग्रॅम धरली, तर पहिली जोडी सुमारे २.५० लाख, दुसरी सुमारे २.७५ लाख आणि तिसरी पुन्हा सुमारे २.४९ लाख देते. म्हणजे आपली मोजणी कितीही काटेकोर असली, तरी स्थिरांकांच्या निवडीमुळेच उत्तरात दहा टक्क्यांपर्यंत अनिश्चितता असू शकते. म्हणून अहवालात वापरलेली जोडी लिहिणे अनिवार्य समजावे. एका जोडीतला ‘के’ आणि दुसरीतला ‘ए’ घेण्याचा प्रकार तर कधीच करू नये.

३० °से निवडण्यामागे आपल्याकडचे एक व्यावहारिक कारणही आहे. साधा वॉटरबाथ फक्त तापवतो, थंड करत नाही. पुण्यामुंबईत वर्षातले बरेच महिने खोलीचे तापमान २५ °से च्या वर असते, तेव्हा २५ °से वर स्थिर राहण्यासाठी शीतक यंत्रणा जोडावीच लागते. नागपूर, चंद्रपूर किंवा परभणीच्या मे महिन्यात ३० °से सुद्धा शीतक वेटोळ्याशिवाय टिकत नाही. बाथचा आकडा ३० दाखवत असला तरी हीटर बंदच राहत असेल आणि तापमान हळूहळू चढत असेल, तर तो बाथ नियंत्रणात नाही, असे समजावे.

तापमानाबाबत एवढा आग्रह का, ते आकड्यांत पाहता येते. टोल्यूइनची श्यानता ३० °से च्या आसपास दर अंशाला एक टक्क्याहून थोडी अधिक बदलते. म्हणजे ०.१ °से ची चूक दोनशे सेकंदांच्या वाहण्याच्या काळात सुमारे ०.२ सेकंदाचा फरक पाडते, आणि हा फरक अंतिम उत्तरात किती मोठा होतो ते पुढे दिसेलच. बाथचे तापमान ±०.०२ °से च्या आत राहिले पाहिजे आणि पाणी सतत ढवळले गेले पाहिजे.

नमुना आणि द्रावण

या प्रयोगात श्रेय व्हिस्कोमीटरला, म्हणजे श्यानता मोजणाऱ्या काचेच्या नळीला, मिळत असले, तरी त्याचा निकाल बराचसा तराजूवरच लागतो. पॉलिस्टायरीनमध्ये उरलेला द्रावक किंवा मोनोमर (ज्यांची साखळी बनते तो लहान रेणू) अडकून राहतो, कारण ते सुमारे १०० °से च्या खाली काचेसारखे कठीण असते आणि आतले लहान रेणू सहज बाहेर पडत नाहीत. नमुन्यात पाच टक्के द्रावक उरला असेल, तर आपण मानलेली संहती (द्रावणातले पॉलिमरचे प्रमाण) खऱ्या संहतीपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त ठरते, आंतरिक श्यानता तेवढी कमी येते आणि रेणुवस्तुमान साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी निघते. म्हणून नमुना टोल्यूइनमध्ये विरघळवून, ते द्रावण सुमारे दहापट मेथनॉलमध्ये बारीक धारेने ओतून, ढवळत पॉलिमर अवक्षेपित करावा, गाळावा आणि निर्वात ओव्हनमध्ये ५० ते ६० °से ला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. वजन स्थिर झाले की नाही हे दोन वेळा तोलूनच ठरवावे. रात्रभर ठेवले म्हणजे वाळले, असे गृहीत धरू नये.

वाळलेला पॉलिमर ०.४००० ग्रॅम, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत अचूक तोलून, ५० मिलीलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्यावा आणि सुमारे ४० मिलीलिटर टोल्यूइन घालावे. पॉलिमर मीठसाखरेसारखा विरघळत नाही: आधी तो फुगतो, जेलीसारखा होतो आणि मग साखळ्या एकेक करून द्रावकात सुटतात. लाखांच्या घरातल्या रेणुवस्तुमानासाठी फ्लास्क रात्रभर ठेवून अधूनमधून हलक्या हाताने फिरवणे पुरेसे असते. घाई म्हणून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवणे हा मोह टाळावा, कारण त्या ऊर्जेने लांब साखळ्या मधोमध तुटतात आणि जे मोजायचे तेच बदलते. जोरात फिरणारा चुंबकीय ढवळकही फार लांब साखळ्यांना बाधतो.

द्रावण पूर्ण स्वच्छ झाले की फ्लास्क ३० °से च्या बाथमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवून त्या तापमानालाच खुणेपर्यंत टोल्यूइन भरावे. टोल्यूइन दर अंशाला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते, त्यामुळे थंडीच्या सकाळी २० °से ला भरलेला फ्लास्क ३० °से ला एक टक्क्याने चुकलेला असतो. आता द्रावणाची संहती ०.८०० ग्रॅम प्रति डेसिलिटर झाली.

ही संहती कशी ठरवली, याचे उत्तर दोन मर्यादांत आहे. साखळ्यांची वेटोळी एकमेकांना भिडू लागतात ती संहती अंदाजे आंतरिक श्यानतेच्या व्यस्ताएवढी असते. आपल्या उदाहरणात १ भागिले ०.९०, म्हणजे १.१ ग्रॅम प्रति डेसिलिटर. त्याच्या बरेच खाली राहिले तरच द्रावणाला ‘विरल’ म्हणता येते. दुसरीकडे फार विरल करून चालत नाही, कारण मग द्रावण आणि शुद्ध द्रावक यांच्या काळांतला फरकच उरत नाही. सापेक्ष श्यानता (द्रावणाचा वाहण्याचा काळ भागिले शुद्ध द्रावकाचा) सुमारे १.२ ते १.९ या पट्ट्यात येईल अशा संहती निवडाव्यात. नमुन्याबद्दल काहीच माहीत नसेल, तर एक चाचणी द्रावण करून पाहावे आणि मग तोल ठरवावा.

द्रावण व्हिस्कोमीटरमध्ये घेण्यापूर्वी जी-३ सिंटर्ड काचेच्या फनेलमधून गाळावे. फिल्टर पेपर वापरू नये; त्याचा एक तंतू केशनलिकेत अडकला की सकाळ गेलीच म्हणायची. गाळताना फनेलवर न विरघळलेले जेल राहिले, तर संहती बदललेली असते. अशा वेळी गाळलेले १० मिलीलिटर द्रावण वजन केलेल्या बशीत वाळवून खरी संहती ठरवावी. द्रावणासाठी वापरायचे आणि पातळ करायला वापरायचे टोल्यूइन एकाच बाटलीतले आणि तसेच गाळलेले असावे.

व्हिस्कोमीटर

ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटर दोन भुजांचा असतो आणि त्यात प्रत्येक वेळी अगदी तेवढेच आकारमान भरावे लागते, कारण दोन पातळ्यांतल्या फरकावरच द्रव वाहतो. उबेलोडे व्हिस्कोमीटरला तिसरी भुजा असते. ती केशनलिकेच्या खालच्या टोकाशी हवा आणून सोडते, त्यामुळे द्रव तिथून काचेला लगटून सुटा खाली उतरतो आणि खालच्या फुग्यात किती द्रव आहे याचा वाहण्याच्या काळावर परिणाम होत नाही. म्हणजेच द्रावण त्याच नळीत, जागच्या जागी पातळ करत जाता येते. दोन्ही उपलब्ध असतील तर उबेलोडेच घ्यावा. तोही खालचा फुगा मोठा असलेला, ज्यात ३० मिलीलिटर द्रव मावेल.

केशनलिकेच्या छिद्राचा व्यास द्रावकाचा काळ, म्हणजे नळीवरच्या दोन खुणांमधून वाहायला लागणारा वेळ, २०० सेकंदांच्या आसपास किंवा अधिक येईल असा निवडावा. टोल्यूइनसाठी ‘०-सी’ मापाची नळी साधारण एवढा काळ देते. काळ १०० सेकंदांच्या खाली असेल, तर द्रवाच्या गतिज ऊर्जेसाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते आणि ती टाळलेली बरी.

नळी क्रोमिक आम्लाने स्वच्छ करण्याची जुनी पद्धत आता शक्यतो वापरू नये, कारण क्रोमियमची विल्हेवाट हा वेगळाच त्रास होऊन बसतो. आधीचा पॉलिमर टोल्यूइनने दोन-तीनदा धुऊन काढावा, मग प्रयोगशाळेतील डिटर्जंट, भरपूर पाणी, शेवटी अॅसिटोन, आणि गाळलेल्या हवेच्या झोतात वाळवणे, एवढे पुरते. बाथमध्ये बसवताना नळी उभी आहे हे ओळंबा लावून दोन्ही बाजूंनी पाहावे, आणि वरची खूण पाण्याच्या पातळीच्या खाली राहील एवढी ती बुडवावी.

टोल्यूइनचा ज्वलनांक सुमारे ४ °से आहे, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही खोलीत त्याची वाफ पेट घेऊ शकते. काम फ्यूम हूडमध्ये करावे, जवळपास ज्योत नसावी, आणि द्रव वर ओढायला रबरी फुगा वापरावा. तोंडाने ओढण्याची सवय कोणत्याही द्रावकाच्या बाबतीत वाईटच.

मोजणी

सुरुवात शुद्ध टोल्यूइनपासून करावी. रुंद भुजेतून १० मिलीलिटर टोल्यूइन घालावे आणि तापमान जुळण्यासाठी किमान पंधरा मिनिटे थांबावे. मग हवेच्या भुजेचे तोंड बोटाने बंद करून केशनलिकेच्या भुजेला लावलेल्या रबरी फुग्याने द्रव हळूच वर ओढावा. तो मोजणीच्या फुग्यातून वरच्या खुणेच्या पलीकडे, छोट्या फुग्याच्या निम्म्यापर्यंत आला की प्रथम हवेच्या भुजेवरचे बोट काढावे. केशनलिकेच्या खालचा द्रव सुटून खाली पडतो आणि तिथे हवेची पोकळी तयार होते. ती नीट तयार झालेली दिसल्यावरच वरचा रबरी फुगा काढावा. क्रम उलटा झाला तर बुडबुडा केशनलिकेत शिरतो. आता डोळा वरच्या खुणेच्या पातळीत ठेवून, द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकताच स्टॉपवॉच चालू करावे आणि खालच्या खुणेला टेकताच बंद करावे. डोळा खुणेच्या वर असेल तर काळ एका बाजूला सरकतो, खाली असेल तर दुसऱ्या. दोन्ही खुणांना डोळ्याची पातळी बदलायला विसरू नये.

एका द्रवाची निदान तीन वाचने ०.२ सेकंदाच्या आत जुळली पाहिजेत. वाचने एकाच दिशेने सरकत असतील, म्हणजे प्रत्येक वेळी काळ कमी होत असेल, तर तापमान अजून जुळलेले नाही. काळ वाढत असेल तर नळीत कण अडकत आहे किंवा द्रावक उडून द्रावण घट्ट होत आहे. अशा वाचनांची सरासरी काढून काही साधत नाही.

द्रावकाचा काळ मिळाल्यावर नळी रिकामी करून वाळवावी आणि पिपेटने १० मिलीलिटर मूळ द्रावण घालून तीच कृती करावी. त्यानंतर त्याच नळीत ५ मिलीलिटर टोल्यूइन घालावे, पुन्हा ५, आणि शेवटी १०. याने एकूण आकारमान १५, २० आणि ३० मिलीलिटर होते आणि संहती अनुक्रमे ०.५३३, ०.४०० आणि ०.२६७ ग्रॅम प्रति डेसिलिटर. हे टोल्यूइनही बाथमध्येच ठेवलेले असावे. प्रत्येक वेळी द्रावण नीट मिसळले जाणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे: मोजणीच्या फुग्यात आणि केशनलिकेत आधीचे घट्ट द्रावण चिकटलेले असते, म्हणून पातळ झालेले द्रावण तीन-चार वेळा वरपर्यंत ओढून सोडावे, मग दहा मिनिटे थांबावे आणि त्यानंतरच पहिले वाचन घ्यावे. हवेचे बुडबुडे सोडून मिसळण्याची रीतही आहे, पण टोल्यूइन त्यात उडते. ती अलगद आणि थोडाच वेळ वापरावी.

गणित

समजा, वाचने पुढीलप्रमाणे मिळाली. शुद्ध टोल्यूइनचा काळ २०२.० सेकंद आहे.

| संहती (ग्रॅम/डेसिलिटर) | काळ (सेकंद) | सापेक्ष श्यानता | रिड्यूस्ड श्यानता (डेसिलिटर/ग्रॅम) | इनहेरंट श्यानता (डेसिलिटर/ग्रॅम) |
|---|---|---|---|---|
| ०.८०० | ३८४.१ | १.९०१ | १.१२७ | ०.८०३ |
| ०.५३३ | ३१५.२ | १.५६० | १.०५१ | ०.८३४ |
| ०.४०० | २८३.९ | १.४०५ | १.०१४ | ०.८५१ |
| ०.२६७ | २५४.६ | १.२६० | ०.९७७ | ०.८६८ |

सापेक्ष श्यानता म्हणजे द्रावणाचा काळ भागिले द्रावकाचा काळ. खरे तर येथे घनतांचे गुणोत्तरही यायला हवे, पण या जोडीत त्याने आंतरिक श्यानतेत पडणारा फरक ०.३ टक्क्यांच्या आसपासच असतो, म्हणून ते सोडून देतात. सापेक्ष श्यानतेतून १ वजा केला की विशिष्ट श्यानता मिळते, आणि तिला संहतीने भागले की रिड्यूस्ड श्यानता. सापेक्ष श्यानतेच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला संहतीने भागले की इनहेरंट श्यानता. दोन्ही राशी एकाच आलेखावर, आडव्या अक्षावर संहती घेऊन मांडाव्यात. पहिलीची रेषा हगिन्स यांची, चढती; दुसरीची क्रेमर यांची, किंचित उतरती. दोन्ही रेषा शून्य संहतीपर्यंत मागे वाढवल्या की उभ्या अक्षावर एकाच बिंदूला मिळायला हव्यात, आणि तो बिंदू म्हणजे आंतरिक श्यानता. वरच्या आकड्यांतून लघुतम वर्ग रीतीने हगिन्स रेषा ०.९०१ वर आणि क्रेमर रेषा ०.८९९ वर येते, म्हणजे ०.९० डेसिलिटर प्रति ग्रॅम हे मूल्य निर्धास्त घ्यावे.

रेषेच्या चढाला आंतरिक श्यानतेच्या वर्गाने भागले की हगिन्स स्थिरांक येतो, येथे ०.३५. क्रेमर रेषेपासून तसाच ०.१५ येतो. चांगल्या द्रावकात हगिन्स स्थिरांक ०.३ ते ०.४ च्या दरम्यान असतो आणि दोन्हींची बेरीज ०.५ च्या जवळ येते. ही बेरीज ही या प्रयोगाची अंगभूत तपासणी आहे आणि ती न करता आकडा पुढे पाठवू नये. हगिन्स स्थिरांक ०.६ किंवा ०.८ आला, तर द्रावक निकृष्ट आहे, साखळ्या एकमेकींना चिकटत आहेत किंवा पातळ करताना संहती चुकली आहे. दोन रेषा अक्षावर वेगवेगळ्या ठिकाणी मिळत असतील, तर बहुतेक वेळा संहती फार जास्त घेतलेली असते किंवा द्रावकाचाच काळ चुकलेला असतो.

आता मार्क–हाउविंक. ‘के’ मिलीलिटर प्रति ग्रॅम या एककात आहे, म्हणून आंतरिक श्यानताही ९० मिलीलिटर प्रति ग्रॅम अशी लिहावी. ९० भागिले ०.०११० म्हणजे ८१८२. त्याचा १ भागिले ०.७२५, म्हणजे १.३७९ वा घात काढला की सुमारे २.५ लाख ग्रॅम प्रति मोल हे उत्तर येते. एककांची गफलत येथे माफ होत नाही: आंतरिक श्यानता डेसिलिटरमध्ये ठेवून ‘के’ मिलीलिटरमधला वापरला, तर शंभराच्या फरकाचाही १.३७९ वा घात होतो आणि उत्तर सुमारे ५७४ पटींनी लहान निघते. लाखांच्या जागी काही शे आकडा आला की आधी एकके पाहावीत.

चूक कुठे वाढते

काळ ०.२ सेकंदाने चुकला तर तो एक हजारांश आहे, त्यात काय बिघडले, असे वाटते. पण आपण गुणोत्तरातून १ वजा करतो आणि उरलेल्यावर सारे गणित बेततो. द्रावक आणि द्रावण दोन्हींचे काळ विरुद्ध दिशेने ०.२ सेकंदाने चुकले, तर सापेक्ष श्यानता १.९ असताना विशिष्ट श्यानतेत ०.३ टक्के चूक येते, १.२६ असताना ०.९ टक्के, आणि १.०५ असताना तब्बल ४ टक्के. सर्वांत विरल द्रावणाचा बिंदू आलेखावर अक्षाच्या सर्वांत जवळ असतो, आणि सर्वांत कमी भरवशाचाही तोच असतो. म्हणून वाचनांची संख्या वाढवायची झाली तर ती शेवटच्या द्रावणाची आणि शुद्ध द्रावकाची वाढवावी. द्रावकाचा काळ चुकला तर चारही बिंदू एकदम सरकतात. आंतरिक श्यानतेतली एक टक्का चूक पुढे रेणुवस्तुमानात १.४ टक्के होते.

वेळ कमी असेल आणि एकाच संहतीवर भागवायचे असेल, तर सोलोमन–चुटा सूत्र आहे: विशिष्ट श्यानतेतून सापेक्ष श्यानतेचा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा करावा, दुप्पट करून वर्गमूळ घ्यावे आणि संहतीने भागावे. वरच्या ०.४०० च्या ओळीवरून ते ०.९०२ देते. रोज एकाच प्रकारचा माल तपासणाऱ्या कारखान्याला हे पुरेसे आहे. नव्या पॉलिमरसाठी मात्र नाही, कारण हगिन्स स्थिरांक नीट आहे हे त्यात गृहीतच धरलेले असते.

विद्युतभार असलेल्या पॉलिमरबाबत एक वेगळी अडचण येते. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसॅन नुसत्या विरल आम्लात घेतले, तर द्रावण पातळ करत गेल्यावर रिड्यूस्ड श्यानता कमी होण्याऐवजी वर उसळते, कारण आसपासचे आयन कमी झाले की साखळीवरचे समान भार तिला ताणून सरळ करतात. असे दिसले तर द्रावकात मीठ किंवा बफर ठरावीक प्रमाणात घालावे, पातळ करायलाही तेच मिश्रण वापरावे, आणि स्थिरांकही त्याच मिश्रणाचे शोधावेत.

मिळालेला आकडा कोणता

कोणत्याही नेहमीच्या पॉलिमरच्या नमुन्यात वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या असतात, म्हणून रेणुवस्तुमान ही सरासरीच असते, आणि सरासरी एक नसते. आपल्याला मिळाली ती श्यानता-सरासरी. ती संख्या-सरासरी (प्रत्येक साखळीला सारखे महत्त्व देणारी) आणि वस्तुमान-सरासरी (जड साखळ्यांना जास्त महत्त्व देणारी) यांच्या मध्ये, पण दुसरीच्या बरीच जवळ असते. साखळ्यांच्या लांबीचे ‘सर्वाधिक संभाव्य’ वितरण असेल आणि ‘ए’ ०.७२५ असेल, तर संख्या-सरासरी १, श्यानता-सरासरी १.८७ आणि वस्तुमान-सरासरी २ असे प्रमाण पडते. तेव्हा हा आकडा परासरण दाबाने काढलेल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून कोणता तरी एक चूक ठरवण्याची गरज नाही. परासरण दाब रेणूंची संख्या मोजतो आणि संख्या-सरासरी देतो.

त्या पद्धतीची मर्यादाही लक्षात घ्यावी. एक लाख रेणुवस्तुमानाच्या पॉलिमरचे लिटरमध्ये ५ ग्रॅमचे द्रावण ३० °से ला जेमतेम १२६ पास्कल, म्हणजे पाण्याच्या सव्वा सेंटिमीटर उंचीएवढा आदर्श परासरण दाब देते. रेणू बराच लांब झाला की मोजण्याजोगे फारसे काही उरत नाही. प्रकाश विकिरण वस्तुमान-सरासरी थेट देते आणि त्याला उसने स्थिरांक लागत नाहीत, पण धुळीचा एक कण तिथे हजारो रेणूंवर मात करतो. जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे सच्छिद्र जेल भरलेल्या स्तंभातून रेणू आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत, संपूर्ण वितरण दाखवते. बेन्वा आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवले की, त्या स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ आंतरिक श्यानता आणि रेणुवस्तुमान यांच्या गुणाकारावर ठरते, म्हणजे तिथेही आपली ही श्यानता कामाला येतेच.

फांद्या असलेल्या साखळ्या मात्र या पद्धतीला फसवतात. तेवढ्याच वस्तुमानाची फांद्यांची साखळी कमी जागा व्यापते, म्हणून सरळ साखळ्यांवरून काढलेले स्थिरांक तिचे रेणुवस्तुमान कमी दाखवतात. दहा लाखांच्या वरच्या रेणूंना केशनलिकेतला प्रवाहच ताणतो आणि श्यानता कमी भासते. तिथे कमी वेगाची, लांब काळाची नळी लागते.

द्रावकाची भूमिका पाहायची असेल, तर हाच नमुना सायक्लोहेक्झेनमध्ये ३४.५ °से ला मोजून पाहावा. या तापमानाला त्या द्रावकात साखळीला फुगण्याची ओढ उरत नाही, ‘ए’ बरोबर ०.५ होतो, आणि ‘के’ सुमारे ०.०८४ मिलीलिटर प्रति ग्रॅम असतो. अडीच लाखांच्या पॉलिस्टायरीनची आंतरिक श्यानता तिथे ०.४२ डेसिलिटर प्रति ग्रॅमच्या आसपास येते, टोल्यूइनच्या निम्म्याहून कमी. दोन्ही द्रावकांतून मिळालेले रेणुवस्तुमान जुळले, तर मोजणीवर आणि स्थिरांकांवर विश्वास ठेवायला ते मोठे कारण आहे.

नोंदवहीत शेवटी ‘रेणुवस्तुमान २.५ लाख’ एवढेच लिहून थांबू नये. नोंद अशी असावी: पॉलिस्टायरीन, मेथनॉलमध्ये अवक्षेपित करून निर्वातात वाळवलेले, टोल्यूइन, ३०.०० ± ०.०२ °से, उबेलोडे ०-सी, द्रावकाचा काळ २०२.० सेकंद, चार संहती, ०.२६७ ते ०.८०० ग्रॅम प्रति डेसिलिटर. आंतरिक श्यानता ०.९० डेसिलिटर प्रति ग्रॅम, हगिन्स स्थिरांक ०.३५, क्रेमर स्थिरांक ०.१५, ‘के’ ०.०११० मिलीलिटर प्रति ग्रॅम आणि ‘ए’ ०.७२५ वापरून श्यानता-सरासरी रेणुवस्तुमान २.५ × १० चा पाचवा घात ग्रॅम प्रति मोल. उद्या कोणी अधिक चांगले स्थिरांक काढले, तर या नोंदीतून नवा आकडा दोन मिनिटांत काढता येतो.